स्टेअरिंग जड होते तेव्हा

दसऱ्यापासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत जुन्या गाड्यांच्या बाजाराला उधाण आलेले असते. घेणाऱ्याची पाहणी ठरलेली असते. रंग कंपनीचा आहे की टचिंग मारले आहे, दाराच्या बीडिंगखाली डेंटिंगच्या खुणा आहेत का, टायर किती उरले आहेत, किलोमीटर किती, अॅव्हरेज किती, इन्शुरन्स कुठवर. ओळखीचा कुणी जाणकार सोबत असेल तर तो बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, ऑइलच्या झाकणाखालून धूर येतो का ते बघतो. मग सरळ, रिकाम्या रस्त्यावर एक ट्रायल मारली जाते. स्टेअरिंगबद्दल प्रश्न एकच: पॉवर आहे ना? आहे म्हटले की विषय संपतो.

ही पॉवर बारा-पंधरा वर्षांच्या गाडीत कुठल्या अवस्थेत आहे आणि ती गेलीच तर गाडी चालवणाऱ्याच्या हातात काय उरते, हे विचारणारा गिऱ्हाईक गॅरेजवाल्यांना क्वचित भेटतो. एसी गार करतो का, काचा बटणावर खाली जातात का, त्याच ओळीत पॉवर स्टेअरिंग बसवले गेले आहे. सोय म्हणून. माझे सारे म्हणणे या एका समजुतीविरुद्ध आहे.

प्रीमिअर पद्मिनी आणि अॅम्बॅसडर चालवलेली पिढी अजून आपल्यात आहे. त्या गाड्यांना कसलीही मदत नव्हती, तरी त्या वळत. कारण त्या हाताने वळवण्यासाठीच बांधलेल्या होत्या. चाक मोठे, टायर अरुंद, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला स्टेअरिंगचे फेरे जास्त. फेरे वाढले की जोर कमी लागतो. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने तेलाच्या दाबावर चालणारे स्टेअरिंग १९२६ सालीच एका पिअर्स-अॅरो गाडीवर चालवून दाखवले होते, पण बाजारातल्या मोटारीत ते यायला १९५१ची क्रायस्लर इम्पीरिअल उजाडावी लागली. आपल्याकडे सर्वसामान्यांच्या छोट्या गाड्यांत ते रुळले सँट्रो, इंडिका, वॅगन आर यांच्या जमान्यात, म्हणजे साधारण नव्या शतकाच्या उंबरठ्यावर. मदत मिळू लागल्यावर गाडी बांधणाऱ्यांनी बाकीच्या गोष्टी बदलल्या. चाक लहान झाले, फेरे कमी झाले, टायर रुंद झाले. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे आल्याने पुढच्या चाकांवरचा भार वाढला. म्हणून पॉवर गेलेली आजची गाडी पद्मिनीसारखी होत नाही, ती पद्मिनीपेक्षा बरीच जड होते. जुने चालक ‘आम्ही नाही का चालवल्या’ म्हणतात, तेव्हा हा फरक त्यांच्या लक्षात आलेला नसतो.

किती जड, याचे एक माप आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांतला ७९ क्रमांकाचा नियम स्टेअरिंगचा आहे. सगळे ठीक असताना प्रवासी मोटार ताशी १० किलोमीटरला वळवताना चाकाच्या कडेवर १५० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये, आणि मदत बंद पडली असता ३०० न्यूटनपर्यंत चालेल, असे तो सांगतो. ३०० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने ३० किलोचे ओझे. तेही जास्त मोठ्या वळणावर, आणि नव्या, टायरमध्ये पुरेशी हवा असलेल्या गाडीचे. मदत गेली तरी चाके आणि स्टेअरिंग यांच्यातला लोखंडी दुवा शाबूत असतो, गाडी वळतेच. पण ती वळवायला इतका जोर लागणार आहे हे आधी ठाऊक नसेल, तर चालकाला वाटते स्टेअरिंग लॉक झाले, आणि तो जोर लावणेच सोडून देतो. घोटाळा होतो तो त्या दोन-तीन सेकंदांत.

जुन्या बाजारात आज दोन जातींच्या गाड्या आहेत. पहिली तेलाची. जुनी इंडिका, क्वालिस, पहिल्या पिढीची इनोव्हा, स्कॉर्पिओ यांच्या इंजिनावर पट्ट्याने फिरणारा एक पंप असतो. तो तेलाला दाब देतो. चाक फिरवले की स्टेअरिंगच्या दांड्याशी असलेली एक बारीक लवचीक सळी किंचित पिळते, त्या पिळाने झडप उघडते, आणि तेल रॅकच्या, म्हणजे पुढची चाके वळवणारा आडवा दांडा ज्यात असतो त्या नळीच्या, डाव्या किंवा उजव्या बाजूला जाऊन तो दांडा ढकलते. साधी, हुशार रचना आहे आणि ती सहसा एकाएकी मरत नाही. महिनोन् महिने सांगत राहते. वळवताना येणारा घूंऽऽ असा आवाज, तो वाढत जाणे. सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना जड, मग गरम झाल्यावर हलके. पावसात पट्टा ओला झाला की किंचाळणे. पार्किंगमध्ये फरशीवर पुढच्या बाजूला तेलाचा लालसर डाग.

या डागाकडे बघण्याची सवय आपल्याला नाही. इंजिन ऑइल काळे असते, कूलंट हिरवे किंवा गुलाबी पण पाण्यासारखे, आणि स्टेअरिंगचे तेल बऱ्याच गाड्यांत लाल आणि बुळबुळीत. पंपाला तेल पुरवणाऱ्या डबीतले हेच तेल तपकिरी किंवा काळे पडले असेल, त्याला जळका वास येत असेल, तर ते वर्षानुवर्षे बदललेले नाही आणि आतली सीले झिजून त्यांचा चुरा तेलात फिरतो आहे असे समजावे. तेलावर फेस असेल तर कुठून तरी हवा शिरते आहे. पंपाचा आवाज बऱ्याचदा त्या हवेचा असतो, आणि पंप बदलूनही तो जात नाही तेव्हा गिऱ्हाईक आणि मेकॅनिक यांची भांडणे होतात.

गळती तीन ठिकाणी जास्त. पंपाचे पुढचे सील, दाबाच्या पाइपाचे जोड, आणि रॅकची टोके. पहिल्या दोन वरून दिसतात. तिसरी दिसत नाही, कारण रॅकच्या टोकांवर घड्यांचे रबरी बूट असतात आणि गळलेले तेल त्यांत साठते. गाडी लिफ्टवर घेऊन हे बूट हाताने दाबून बघायचे. आत तेलाची हालचाल जाणवली की रॅकची सीले गेलेली आहेत. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात सील किट मिळते, रॅक उघडून ते बसवणारे कारागीरही मिळतात. पण रॅकच्या दांड्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर नवी सीले त्या खड्ड्यांवर घासून थोड्याच काळात पुन्हा फाटतात. कोकणातल्या, गोव्यातल्या किनाऱ्यावर राहिलेल्या गाडीत बूट फाटका असेल तर हा गंज धरूनच चालावे. मग रॅकच बदलावी लागते आणि खर्च जुन्या गाडीच्या किमतीला टोचेल इतका होतो. गाडी विकायला काढली जाते ती अनेकदा नेमकी इथे.

विकण्याआधी काय केले जाते हे गॅरेजात बसले की उघड होते. इंजिन धुऊन चकचकीत केले जाते, म्हणजे गळतीचा माग पुसला जातो. डबी काठोकाठ भरली जाते. सीले फुगवून गळती थोपवणारे औषध घातले जाते. ते काही आठवडे काम करते आणि मग रबर आणखी सैल होते. कुणी जाड तेल ओततो, म्हणजे पंपाचा आवाज दबतो. म्हणून धुतलेले इंजिन बघून खूश होऊ नये. जुन्या गाडीचे इंजिन थोडे धुळकट असणेच विश्वासाचे लक्षण आहे, आणि विक्रेत्याला आधी सांगून ठेवावे की मी येईन तेव्हा गाडी थंड असू दे.

दुसरी जात विजेची. जपानमध्ये १९८८ साली सुझुकी सर्व्होमध्ये हे तंत्र आले. भारतात २००५च्या स्विफ्टनंतर त्याने छोट्या गाड्यांचा बाजार व्यापला. इथे तेल नाही, पंप नाही. स्टेअरिंगच्या दांड्यावर पीळ मोजणारा एक सेन्सर, त्याचे ऐकून आकडेमोड करणारा एक छोटा संगणक, आणि दांड्याला हात देणारी मोटर. इंजिनावर ओझे नाही, म्हणून पेट्रोल वाचते. गळायला काही नाही, म्हणून लोक याला बिनत्रासाचे म्हणतात.

त्रास आहे, पण त्याची भाषा वेगळी. तेलाचे स्टेअरिंग कुरकुरत जाते, विजेचे एका क्षणी बंद पडते. डॅशबोर्डवर स्टेअरिंगच्या चित्राचा किंवा ‘ईपीएस’ अक्षरांचा पिवळा-लाल दिवा लागतो आणि चाक दगड होते. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की बहुतेक वेळा सगळे जागेवर येते. ‘रीस्टार्ट करा, होतं ठीक,’ हे वाक्य जुन्या गाडीसोबत फुकट मिळते. पण तो दिवा लागला, याला कारण असते. उभ्या गाडीत चाक फिरवताना ही मोटर कित्येक अँपिअर वीज एका दमात ओढते. बॅटरी थकलेली, अल्टरनेटर अर्धवट, अर्थिंगची पट्टी गंजलेली असेल तर विजेचा दाब खाली येतो आणि संगणक स्वतःला वाचवण्यासाठी मदत तोडतो. अशा वेळी काही हजारांची मोटर बदलून पैसे वाया जातात आणि दोष पट्टीत असतो. कधी सेन्सरचे संपर्क झिजलेले असतात. कधी उंदरांनी वायर खाल्लेली असते. काही गाड्यांत मोटर आणि दांडा यांच्यामधला बोटभर रबरी तुकडा झिजून चाकात खटखट येते. तो स्वस्त तुकडा वेळीच बदलला तर प्रश्न मिटतो.

विजेच्या या भागांचा आणखी एक शत्रू म्हणजे पुराचे पाणी. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले. त्याआधी ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, त्याच सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढ्याने सोसायट्यांमधल्या गाड्या वाहून नेल्या, आणि २६ जुलै २००५ तर मुंबई विसरूच शकत नाही. पुरात बुडालेली प्रत्येक गाडी भंगारात जात नाही. इंजिन खोलून, सीट वाळवून, गालिचे बदलून यांतल्या काही दुसऱ्या जिल्ह्यात जातात आणि तिथे ‘सिंगल ओनर’ म्हणून विकल्या जातात. विजेच्या स्टेअरिंगची मोटर आणि संगणक अनेक गाड्यांत डॅशबोर्डखाली, चालकाच्या गुडघ्यांच्या वर असतात. पाणी तिथवर पोचले असेल तर पितळी पिनांवर हिरवा थर चढतो. गाडी विकताना सगळे चालते. पुढच्या वर्षी, दमट हवेत, एखाद्या वळणावर तो थर आपले काम करतो. म्हणून पायाशी वाकून, टॉर्च मारून कनेक्टर बघावेत. सीटच्या लोखंडी रुळांवर गंज, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटच्या हातभर पट्ट्यावर गढूळ रेषा, हे दिसले तर रंग कितीही सुंदर असला तरी माघारी फिरावे.

आणि किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, स्टेअरिंगचा दिवा लागतो का ते बघावे. तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जो कधी लागतच नाही, त्याला कुणीतरी गप्प केलेले असण्याची शक्यता असते. स्कॅनर लावून जुने दोष पुसून टाकणे हे तर दोन मिनिटांचे काम आहे. म्हणून फेरी छोटी नको. अर्धा तास चालवावी, गाडी थांबवून चाक दोन्ही टोकांना न्यावे, मग स्कॅनर लावायला सांगावे.

सोय की सुरक्षा, हा प्रश्न अमेरिकेत माणसांच्या जिवावर उठला होता. जनरल मोटर्सची शेव्हर्ले कोबाल्ट ही स्वस्त, छोटी गाडी. पुढे वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात तरुणांची पहिली गाडी म्हणून ती हातोहात जाई. तिचे विजेचे स्टेअरिंग चालता चालता बंद पडते अशा हजाराहून अधिक तक्रारी सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेकडे आल्यावर मार्च २०१०मध्ये कंपनीने कोबाल्ट आणि पाँटिॲक जी५ यांच्यासह सुमारे १३ लाख गाड्या परत बोलावल्या. त्या वेळी १४ अपघात आणि एक जखमी अशी नोंद होती. त्याच घराण्यातली, तसलेच स्टेअरिंग असलेली सॅटर्न आयॉन मात्र त्या यादीत नव्हती. ती आली ३१ मार्च २०१४ला, आणखी सुमारे १३ लाख गाड्यांच्या नव्या यादीत. कंपनीच्या प्रमुख मेरी बारा दुसऱ्याच दिवशी अमेरिकन काँग्रेससमोर साक्षीला बसणार होत्या.

साक्ष होती दुसऱ्या दोषाची, पण तोही शेवटी इथेच येऊन मिळतो. याच गाड्यांचा किल्लीचा स्विच सैल होता. किल्लीला जड जुडगा असला किंवा गुडघा लागला की ती चालू गाडीत मागे सरके. इंजिन बंद, पॉवर स्टेअरिंग बंद, ब्रेकची मदत जाण्याच्या वाटेवर, आणि धडक बसली तर एअरबॅगही उघडत नसत. कंपनीनेच नेमलेल्या अँटन व्हॅलुकास यांच्या जून २०१४च्या अहवालात याची कूळकथा आहे. अभियंत्यांना गाडी चालता चालता बंद पडते हे वर्षानुवर्षे माहीत होते. त्यांनी ते ‘ग्राहकाच्या सोयी’च्या खात्यात टाकले होते, कारण त्यांच्या मते इंजिन बंद पडले तरी गाडी वळवता येते आणि थांबवता येते. कागदावर ते खरेच होते. जॉर्जियात २०१०मध्ये एका तरुणीचा कोबाल्टमध्ये मृत्यू झाला. गाडी आपोआप बंद पडते अशी तक्रार घेऊन ती थोडे दिवस आधीच दुरुस्तीला गेली होती. तिच्या आईवडिलांच्या खटल्यात एका अभियंत्याने जुना स्विच आणि बाजारातून आणलेला नवा स्विच शेजारी ठेवले, तेव्हा भागाचा क्रमांक एकच आणि आतली रचना निराळी असल्याचे उघड झाले. दोष गुपचूप सुधारला गेला होता, पण आधीच रस्त्यावर असलेल्या गाड्यांच्या मालकांना कुणी सांगितले नव्हते. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने अखेरीस १२४ मृत्यू या स्विचमुळे झाल्याचे मान्य केले. २०१५मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर भरून फौजदारी खटला मिटवला.

‘सोय’ हा शब्द त्या कचेरीत इतका महाग पडला. आपल्याकडच्या नियमांत तो शब्द लिहिलेला नाही, पण वृत्ती तीच दिसते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन सदोष गाड्या परत बोलावण्याचा अधिकार सरकारला मिळाला, आणि १ एप्रिल २०२१पासून दंडाचे नियम लागू झाले. उत्तम झाले. पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. आठव्या वर्षातली गाडी, म्हणजे मध्यमवर्गीय घरातल्या माणसाची पहिली गाडी, त्या छत्राबाहेर. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, आणि तोवर तिची सक्तीची तपासणी होत नाही. सेंट्रल मोटर व्हेइकल्स रूल्समध्ये स्टेअरिंगचा मोकळा खेळ ३० अंशांहून जास्त नसावा असे आहे, पण खेळ आणि मदत या वेगळ्या गोष्टी आहेत. चाकात अंशभर खेळ नसलेल्या गाडीचाही पंप मरणपंथाला असू शकतो. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना अधिकृत नोंदणी करावी लागते. त्याने कागदपत्रांची साखळी सुधारेल. गाडीच्या अंगात काय आहे हे लिहून देण्याची सक्ती व्हायला हवी, निदान स्टेअरिंग आणि ब्रेक या दोन गोष्टींपुरती तरी.

आता घाटाबद्दल, कारण आपल्याकडे पॉवर जाण्याचे एक कारण आपण स्वतःच आहोत. वरंधा, कुंभार्ली, आंबोली, ताम्हिणी उतरताना इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये टाकून गाडी सोडण्याची सवय अजून गेलेली नाही. पेट्रोल वाचते असे वाटते. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिनाला जाणारे पेट्रोल संगणक स्वतःच तोडतो. तेव्हा वाचत काहीच नाही. जाते बरेच. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, विजेच्या गाडीतही मदत बंद. ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेल्या हवेच्या ओढीवर दोन-तीनदा दाबण्याइतकीच मदत राहते, मग पॅडल लाकडासारखे होते. आणि किल्ली एक टप्पा जास्त मागे फिरली तर चाक खरोखर लॉक होऊ शकते. चांगल्या गाडीत हा जुगार, आणि रॅक गळणाऱ्या पंधरा वर्षांच्या गाडीत तर सरळ आत्मघात.

मदत चालत्या गाडीत गेलीच, तर किल्लीला हात लावायचा नाही. चाक दोन्ही हातांनी घट्ट धरायचे आणि जोर लावायचा, अंगाच्या वजनानिशी. वेग जितका जास्त तितके चाक हलके वाटते, म्हणून मोठ्या रस्त्यावर लगेच संकट येत नाही. ते येते वेग कमी करताना, सर्व्हिस रोडकडे वळताना, टोलनाक्याच्या रांगेत. ब्रेक सारखा-सारखा सोडून दाबू नये, एकदाच आणि सलग दाबावा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे शिकवले पाहिजे. रिकाम्या मैदानात, गाडी सावकाश चालत असताना शिक्षकाने शेजारी बसून इंजिन बंद करावे, किल्ली ‘ऑन’वरच ठेवून, आणि शिकणाऱ्याला ते वजन हाताने कळू द्यावे. वयस्कर माणसांनी, हातांत ताकद कमी असलेल्यांनी तर हे आवर्जून करून बघावे. तीस किलो म्हणजे काय ते तेव्हाच समजते.

घेण्याआधीचे एक काम पैशाशिवाय होते. आरसी बुकावरचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला किंवा तिच्या संकेतस्थळावर विचारावे की या गाडीवर कधी रिकॉल निघाले होते का आणि ते काम झाले का. आपल्याकडेही स्टेअरिंगची रिकॉल निघालेली आहेत. होंडाने २०१८मध्ये नव्या अमेझच्या ७,२९० गाड्या विजेच्या स्टेअरिंगच्या तपासणीसाठी बोलावल्या. मारुतीने जुलै २०२३मध्ये एस-प्रेसो आणि ईकोच्या ८७,५९९ गाड्या टाय रॉडसाठी, आणि ऑगस्ट २०२४मध्ये अल्टो के१०च्या २,५५५ गाड्या स्टेअरिंग गिअरबॉक्ससाठी. या गाड्या आता हळूहळू दुसऱ्या मालकाकडे जातील. पहिल्या मालकाने पत्ता बदलला असेल, फोन उचलला नसेल, काम राहून गेले असेल. शेव्हर्ले आणि फोर्डसारख्या इथली विक्री थांबवलेल्या कंपन्यांच्या गाड्या स्वस्तात मिळतात, तिथे ही चौकशी आणखी कसून करावी, आणि रॅक किंवा मोटर नवी मिळते की कटिंगच्या, म्हणजे मोडीत काढलेल्या गाड्यांच्या, मालातून घ्यावी लागते हेही टोकन देण्याआधी विचारून घ्यावे. उत्तर मिळेपर्यंत टोकन खिशातच राहू द्यावे.